स्पंजावर काम करायचं तर आधी एकच विचार: हे नेमकं कुणाचं?

तुझा प्रश्न आधी थोडक्यात मांडते. तू रत्नागिरीत बायोटेक्नॉलॉजीत एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला आहेस, घर देवगडजवळ खाडीकाठी आहे. समुद्री स्पंज या प्राण्यापासून बायोमटेरियल, म्हणजे उपचारात किंवा उद्योगात वापरता येणारे पदार्थ, तयार करण्याच्या संशोधनात तुला उतरायचंय. पण मॉलिक्युलर बायोलॉजी शिकलेल्या माणसाला त्यात नेमकं काय काम असतं, पुढे पोटापाण्याचं काय, आणि ‘शिंपले गोळा करायला एवढं शिकलास काय?’ असं बाबा विचारतात त्यांना काय सांगायचं, हे तुला कळत नाहीये.

मी या कामात २७ वर्षं आहे. निम्मी प्रयोगशाळेत गेली, निम्मी खडपात, म्हणजे किनाऱ्यावरच्या खडकांत. उत्तर लांबेल, चहा घेऊन बस.

बाबांपासूनच सुरुवात करू, कारण त्यांचं काही चुकलेलं नाही. मीसुद्धा शिंपल्यांपासूनच सुरू केलं. बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षी सुट्टीत घरी आले होते आणि वाडीतल्या एका काकीबरोबर कालवं काढायला गेले. सुकतीला, म्हणजे ओहोटीला, खडपं उघडी पडली की बायका छोटी कोयती घेऊन बसतात. टोकाने वरची शिंपी उचकटायची, आतलं कालव वाटीत टाकायचं, की पुढची शिंपी. बोलणं चालूच असतं, हात थांबत नाही. काकीचा हात मध्येच थांबला. एक शिंपी माझ्या पुढ्यात टाकून म्हणाली, “ह्या कालवाक वाळवी लागली हा. हात लावशीत तर भुगो.” शिंपीच्या पाठीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं विखुरलेली होती आणि प्रत्येक भोकातून एक पिवळाजर्द ठिपका डोकावत होता. मी अंगठ्याने दाबली तर ती भिजलेल्या बिस्किटासारखी मोडली. आत खणच खण, आणि प्रत्येक खणात तोच पिवळा गर.

काकीची वाळवी म्हणजे क्लायोना, शिंपले आणि प्रवाळ पोखरणारा स्पंज. त्याला दात नाहीत, तोंडही नाही. त्याच्या पेशी चुनखडीच्या कणाभोवती कडेने विरघळवत जातात आणि तो कण सुटा झाला की बाहेर ढकलतात. हे कण मिलिमीटरच्या काही शतांशांएवढे असतात. सूक्ष्मदर्शकाखाली खडपातला गाळ बघशील तेव्हा असे खोलगट पैलूंचे कण सापडतील. एकदा ओळख पटली की ते विसरता येत नाहीत. ज्या प्राण्याला मेंदू नाही, चेतातंतू नाहीत, पोट नाही, तो दगडाएवढी टणक वस्तू इतक्या मापात कापतो. त्या दिवशी माझी दिशा ठरली असं म्हणणं फिल्मी होईल. खरं तर दोन वर्षं मी ते विसरूनही गेले होते. पण पीएच.डी.साठी विषय विचारला तेव्हा तोंडून तेच आलं.

आता कामाकडे. स्पंज हा प्राणी म्हणजे गाळणी. अंगावर असंख्य सूक्ष्म छिद्रं, त्यातून पाणी आत येतं. आत कॉलर पेशी असतात, त्यांच्या शेपट्या हलतात, पाणी ढकललं जातं, त्यातले जिवाणू आणि बारीक कण अडकतात, आणि मोठ्या तोंडातून पाणी बाहेर जातं. स्वतःच्या आकारमानाच्या हजारो पट पाणी एक स्पंज दिवसात गाळतो. आता विचार कर, इतकं पाणी ज्याच्यातून जातं त्याच्या आत काय काय राहत असेल. काही जातींत तर शरीराच्या वस्तुमानाचा एक तृतीयांश किंवा त्याहूनही जास्त भाग जिवाणूंचाच असतो. शिवाय अंगातल्या पाण्याच्या वाटांमध्ये कोळंबीची पिल्लं, किडे, ठिसूळ तारे सुखाने नांदत असतात. म्हणजे स्पंज हा एकटा प्राणी कमी आणि चाळ जास्त. मॉलिक्युलर बायोलॉजीवाल्याचं पहिलं काम या चाळीतलं भाडेकरू कोण आणि मालक कोण, हे ओळखणं. आमच्या कामाचा सगळा भार या एका प्रश्नावर आहे: हे नेमकं कुणाचं? बाकी जे सांगणार आहे ते यातूनच निघतं.

डीएनएपासून बघ. माझा पहिला बारकोड, म्हणजे जात ओळखण्यासाठी वाचलेला डीएनएचा छोटा भाग, मी अजून जपून ठेवलाय. खडपाखालून खरवडलेला नारिंगी स्पंज, हौसेने डीएनए काढला, सगळीकडे वापरतात ते प्रायमर (हवा तो भाग पकडून त्याच्या प्रती काढायला लागणारे डीएनएचे छोटे तुकडे) लावले, जेलवर सुंदर एकच पट्टा आला. डीएनएचा क्रम हातात आला आणि जुळवून पाहिला तर कोळंबीच्या गोतावळ्यातला कुणीतरी. स्पंजाच्या पाण्याच्या वाटेत लपलेला तो जीव माझ्या चिमट्यातून सुटला होता, आणि प्रायमरला स्पंजापेक्षा त्याचाच डीएनए जास्त पसंत पडला. गाईड काही बोलल्या नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, “तुकडा फोडून आत बघितलास?” बघितला नव्हता. तेव्हापासून नमुना अल्कोहोलमध्ये टाकायच्या आधी आडवा कापून स्टिरिओ मायक्रोस्कोपखाली दहा मिनिटं चिमट्याने साफ करणं, हा माझ्या प्रयोगशाळेत कायदा आहे. कंटाळवाणा आहे, पण आहे.

अल्कोहोलचंही एक सांगते, पुस्तकात ते एका ओळीत असतं आणि लोक ती ओळ वाचत नाहीत. स्पंजात पाणी इतकं असतं की ९५ टक्के इथेनॉलमध्ये टाकला की तासाभरात त्यातली टक्केवारी खाली येते आणि डीएनए तुटायला लागतो. म्हणून तुकडा लहान घ्यायचा, अल्कोहोल त्याच्या निदान दहापट, आणि काही तासांनी ते ओतून ताजं भरायचं. पहिलं अल्कोहोल पिवळं-तांबडं होतं ते बघून घाबरू नकोस, रंग उतरतो. डीएनए काढताना चिकट शर्करांनी डीएनए शुद्ध करायचा कॉलम तुंबतो, म्हणून वनस्पतींसाठी वापरतात तो सीटॅब बफर इथेही बरा पडतो. आणि प्राण्यांसाठी नेहमी वापरतात तो सीओआय जनुकाचा बारकोड स्पंजांत आपला पूर्ण उपयोगाचा नाही, कारण ते जनुक मायटोकॉन्ड्रियल डीएनएवर असतं आणि यांचा तो डीएनए फार हळू बदलतो. दोन जवळच्या जाती त्यात सारख्याच दिसतात. २८एस सारखा आणखी एका जनुकाचा भाग जोडीला घ्यावा लागतो.

आणि एवढं सगळं केलं तरी जात ठरत नाही. त्यासाठी काटे बघावे लागतात. स्पिक्यूल, म्हणजे स्पंजाच्या अंगातल्या सुया. तुकडा घरातल्या ब्लीचमध्ये टाकला की मांस विरघळतं आणि तळाशी पांढरी बुकटी उरते. चारपाचदा पाण्याने धुऊन, मग अल्कोहोलने धुऊन, एक थेंब काचपट्टीवर सुकवला की सूक्ष्मदर्शकात एखाद्या सोनाराच्या पेटीतला ऐवज सांडल्यासारखा दिसतो: टाचण्या, नांगर, तारे, दोन्हीकडे टोक असलेल्या सुया. मी विद्यार्थ्यांना हेच सगळ्यात आधी करायला लावते. ज्याला काटे ओळखता येत नाहीत त्याच्या जीन-सिक्वेन्सवर मी विश्वास ठेवत नाही. हे माझं मत आहे, सगळ्यांना पटत नाही. जगात नऊ हजारांहून जास्त जाती नोंदल्या गेल्यात, आणि आपल्या खडपात किती आहेत याची मोजदाद पुरी व्हायची आहे.

औषधांच्या बाजूला हा प्रश्न आणखी गुंतागुंतीचा होतो. १९५१ साली वर्नर बर्गमन आणि रॉबर्ट फीनी यांनी फ्लोरिडाच्या एका स्पंजातून असे न्यूक्लिओसाइड (डीएनए-आरएनएच्या घटकांसारखे रेणू) वेगळे केले, ज्यांत नेहमीच्या राइबोजच्या जागी अरॅबिनोज साखर होती. त्या कल्पनेवरून सायटॅराबिन बनलं. १९६९ साली अमेरिकेत त्याला परवानगी मिळाली आणि ल्युकेमियाच्या उपचारात ते आजही वापरतात. दुसरी गोष्ट जपानची. १९८६ साली हिराटा आणि उएमुरा यांनी हॅलिकोन्ड्रिया ओकादाई या स्पंजातून हॅलिकोन्ड्रिन बी काढलं. ६०० किलो स्पंजातून हाती आलं १२.५ मिलिग्रॅम. चिमूटभरही नाही. असं औषध रुग्णाला कुठून देणार? किशी यांच्या हार्वर्डमधल्या गटाने १९९२ मध्ये तो रेणू प्रयोगशाळेत जुळवला, त्याचाच अर्धा भाग ठेवून एरिब्युलिन तयार झालं, आणि २०१० साली स्तनाच्या पसरलेल्या कर्करोगासाठी मान्य झालं. आता गंमत बघ. हॅलिकोन्ड्रिन एकमेकांशी काही नातं नसलेल्या स्पंजांतही सापडतं. तेव्हापासून संशय असा की ते बनवणारा स्पंज नाही, त्याचा भाडेकरू आहे. अशा संशयाला पुरावा मिळालेलं उदाहरण म्हणजे थिओनेला स्विन्होई हा स्पंज. २०१४ साली यॉर्न पील यांच्या गटाने दाखवलं की त्यातली जवळपास सगळी प्रसिद्ध संयुगं एन्टोथिओनेला नावाचा जिवाणू बनवतो. इतकी वर्षं श्रेय घरमालकाला मिळत होतं.

म्हणून तुला कुणी ‘आमच्या किनाऱ्यावरच्या स्पंजात कॅन्सरवरचं औषध सापडलं’ असं सांगितलं तर एवढंच विचार, अर्क कुणाचा? पेट्री डिशमध्ये पेशी मरणं ही फार स्वस्त घटना आहे, फिनेलनेही मरतात.

बायोमटेरियलकडे येते. तुझा जीव तिथे आहे, माझाही.

काच बनवायची तर वाळू, म्हणजे सिलिका, हजार अंशांच्या वर बरीच तापवावी लागते. स्पंज तीच सिलिका समुद्राच्या थंड-कोमट पाण्यात, भट्टी नाही, तीव्र आम्ल नाही, अशी घडवतो. कशी, याचा पहिला धागा १९९८ साली मिळाला. कॅलिफोर्नियाच्या सांता बार्बरा विद्यापीठात कात्सुहिको शिमिझु आणि डॅनियल मोर्स यांनी टेथिया ऑरान्शिया या स्पंजाच्या सुयांवर काम केलं. त्या स्पंजाच्या सुक्या वजनाचा ७५ टक्के भाग सुयाच असतात, दोन मिलिमीटर लांबीच्या. हायड्रोफ्लोरिक आम्लाने सिलिका विरघळवली की प्रत्येक सुईच्या मधोमध एक तंतू उरतो. तो प्रथिनांचा असतो. त्या प्रथिनाला त्यांनी सिलिकेटीन नाव दिलं. त्याचा क्रम वाचला तेव्हा नातेवाईक निघाला कॅथेप्सिन एल, म्हणजे प्रथिनं कापणारं एक विकर (एन्झाइम). कापणाऱ्या कैचीने घडवण्याचं काम पत्करलं होतं. कैचीच्या पात्यात, म्हणजे सक्रिय जागेत, सिस्टीन या अमिनो आम्लाच्या ऐवजी सेरीन होतं, एवढा बदल. पुढच्याच वर्षी त्यांनी दाखवलं की ते तंतू परीक्षानळीतसुद्धा, जवळपास उदासीन पीएचला, सिलिकॉनच्या संयुगांतून सिलिका जमवतात.

मॉलिक्युलर बायोलॉजीवाल्याला यात काम काय, हे तू विचारलं होतंस. हेच. जीन काढणं, ते ई. कोलाय या जिवाणूत टाकून प्रथिन बनवणं, एखादं अमिनो आम्ल बदलून बघणं की काम बंद पडतं का. सांगायला सोपं वाटतं. सिलिकेटीन जिवाणूत बनवलं की ते बहुतेक वेळा न विरघळणाऱ्या गोळ्यांच्या रूपात बसतं, ते सोडवून प्रथिनाच्या साखळीची पुन्हा नीट घडी घालावी लागते. माझी दीड वर्षं त्या घडीत गेली. आणि घडी बसली आणि सिलिका जमली, तेव्हा खरा घोळ सुरू झाला.

झालं असं की माझ्या नळीत पांढरा साका धरत होता आणि मी खूष होते. तुलनेसाठी, म्हणजे कंट्रोल म्हणून, उकळून मारलेलं प्रथिन ठेवलं होतं, त्यातही साका. कमी, पण होता. नुसत्या बफरमध्येही मोजणी शून्य येईना. तीन आठवडे मी रसायनं बदलत बसले. मग एक दिवस आमच्या प्रयोगशाळेतल्या जुन्या मदतनिसांनी बीकर धुताना सहज विचारलं, “मॅडम, ह्यो काचेचा बीकर सिलिकाचोच ना?” मी तिथेच खुर्चीत बसले. अल्कधर्मी द्रावण मी काचेत साठवत होते आणि काचच त्यात विरघळत होती. मी स्पंजाचं मोजत नव्हते, बीकरचं मोजत होते. त्या दिवसापासून सिलिकाच्या खोलीत काच येत नाही. बाटल्या, नळ्या, मापं, सगळं प्लास्टिकचं. मोलिब्डेटने निळा रंग आणून सिलिका मोजतोस ना, त्यात फॉस्फेट बफरही वापरू नकोस. तोही रंग देतो.

उकळलेल्या प्रथिनातल्या साक्याचं उत्तर मात्र बीकरमध्ये नव्हतं. बरीच प्रथिनं, ज्यांच्या अंगावर धन भार जास्त आहे, ती नुसती उभी राहिली तरी सिलिका खाली बसवतात. अंड्याच्या पांढऱ्यातलं लायसोझाइमही बसवतं. प्रथिन शुद्ध करायला जे हिस्टिडिन या अमिनो आम्लाचं शेपूट लावतो ते स्वतःही लुडबूड करू शकतं. म्हणून ‘सिलिका जमली’ हा पुरावा नाही. सेरीन बदललेलं प्रथिन शेजारी ठेवून, तेवढ्याच मात्रेत, तेवढ्याच वेळेत किती फरक पडतो ते दाखवावं लागतं. माझा फरक सुरुवातीला वाटला होता त्याच्या मानाने फारच थोडा निघाला. तोच छापला. काही सहकाऱ्यांना तो निकाल फिका वाटला आणि त्यांनी तसं तोंडावर सांगितलंही.

सगळे स्पंज सिलिकेटीननेच काच करतात असंही समजू नकोस. खोल समुद्रातल्या काचस्पंजांत, युप्लेक्टेलामध्ये, २०१५ साली ग्लासिन नावाचं वेगळंच प्रथिन सापडलं. त्याच युप्लेक्टेलाचे काचतंतू प्रकाश वाहून नेतात, हे जोआना आयझेनबर्ग यांच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं होतं, आणि पुढे त्यांनी त्याच्या जाळीची बांधणी थरांथरांनी उलगडली. काच ठिसूळ. पण थर पातळ आणि मध्ये प्रथिनाची फट, त्यामुळे तडा एका थरात अडकतो. आपल्याकडे जांभ्याचा गडगा चुन्याशिवाय नुसते दगड रचून घालतात, एक दगड हलला म्हणून सगळा कोसळत नाही, तसं काहीसं. उपमा शंभर टक्के बरोबर नाही हे मला माहीत आहे.

काच नसलेले स्पंजही आहेत. अंघोळीचा स्पंज म्हणतात तो स्पॉन्जिन या लवचीक प्रथिनाचा सांगाडा. शिवाय हर्मन एर्लिश यांच्या गटाने २००७ मध्ये काही स्पंजांच्या सांगाड्यात कायटिन (कोळंबीच्या कवचात असतं ते) असल्याचं दाखवलं. आयती सच्छिद्र त्रिमितीय जाळी, तीत पेशी वाढवायच्या, हाड-कूर्चा दुरुस्त करायची, ही कल्पना गोड आहे आणि त्यावर खूप पेपर येतात. माझं म्हणणं विचारशील तर निम्मे पेपर मी वाचायला घेते आणि ‘पद्धती’ या भागातच बाजूला ठेवते. का? तर त्यात एंडोटॉक्सिन मोजलेलं नसतं. स्पंजात ग्राम-निगेटिव्ह गटातले जिवाणू ठासून भरलेले, त्यांच्या भिंतीतलं हे विष उकळल्यानेही जात नाही. सांगाडा कितीही पांढराशुभ्र दिसला तरी आत ते असू शकतं. आमच्याच सांगाड्यांच्या एका बॅचवर रोगप्रतिकार पेशी इतक्या उत्तेजित झाल्या की आम्ही एकमेकांना पेढे द्यायच्या बेतात होतो. मोजलं तर सगळा प्रताप एंडोटॉक्सिनचा. मटेरियल बिचारं निमूट होतं. सांगाडा धुण्याची पद्धत ठरवण्यात मग दोन वर्षं गेली, आणि त्यातून एका मुलीची पीएच.डी. झाली, तेही बरंच झालं.

मग सगळा स्पंज प्रयोगशाळेतच का वाढवत नाहीत? स्पंजाच्या पेशी जाळीतून दाबून सुट्या केल्या तरी पुन्हा एकत्र येऊन स्पंज घडवतात, हे एच. व्ही. विल्सन यांनी १९०७ सालीच दाखवलं. पण डिशमध्ये त्या सतत वाढवत ठेवणं फार अवघड गेलं. समुद्री स्पंजाची पहिली अखंड चालणारी पेशीरेषा २०२३ साली जाहीर झाली. म्हणजे या क्षेत्रात अजून मूलभूत कामच चालू आहे. तुझ्यासाठी ती संधी की धोका, हे तुझ्या स्वभावावर.

खडपातल्या कामाचं थोडं. पुस्तकात नसतं म्हणून सांगते. अमावस्या-पौर्णिमेनंतर एक-दोन दिवस उधाणाची ओहोटी सर्वांत खाली जाते, आणि आपल्याकडे ती पहाटे आणि संध्याकाळी येते. सकाळी सहाला तू पाण्याच्या कडेला उभा हवास, सातला पोहोचून उपयोग नाही. जून ते सप्टेंबर समुद्र तुझा नाही. १ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारीही बंद असते आणि खाडीत गोडं पाणी उतरल्यावर कडेचे स्पंज मरतात. म्हणजे वर्षातून सात-आठ महिने नमुने, बाकी प्रयोगशाळा. जाड हातमोजे घाल. काही स्पंज खाजरे असतात आणि काचेच्या सुया बोटात मोडल्या की आठवडाभर हुळहुळतं. दगड उलटा केलास तर पुन्हा होता तसा ठेव. काकीने मला पहिला ओरडा त्यावरून दिला होता.

आणि ‘हे कुणाचं’ याचा आणखी एक अर्थ आहे, कायद्याचा. मालवणचं सागरी अभयारण्य १९८७ पासून आहे, त्यात वन खात्याच्या लेखी परवानगीशिवाय एक बोटभर तुकडाही काढायचा नाही. कठीण प्रवाळ वन्यजीव कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. क्लायोना ज्या जिवंत प्रवाळात बसलाय तो दुरून बघायचा, फोटो काढायचा, पुढे जायचं. जैवविविधता कायदा २००२ चा. नमुना किंवा त्यातून काढलेली सामग्री परदेशी सहकाऱ्याला पाठवायची तर चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची मंजुरी लागते. खूप हुशार मुलांना मी यात अडकून वर्ष घालवताना पाहिलंय. अर्ज प्रयोगाच्या आधी करायचा. आणि परवानगी खिशात असली तरी ज्या खडपात वाडीतल्या बायका कालवं काढतात तिथे आधी त्यांना विचारायचं. त्यांना कुठल्या दगडाखाली काय आहे हे आपल्यापेक्षा जास्त कळतं, हा त्यातला फायदा.

पोटापाण्याचं. ‘स्पंज उद्योग’ असा काही कोकणात नाही आणि पुढच्या पाच वर्षांत होईल असं मला वाटत नाही. नेट-जेआरएफ, म्हणजे पीएच.डी.साठीची सरकारी शिष्यवृत्ती, मिळाली तर पहिली दोन वर्षं दरमहा ३७,००० रुपये आणि घरभाडे भत्ता असतो, पैसे वेळेवर येतीलच असं नाही, दोन-तीन महिन्यांचं हाताशी ठेव. समुद्राच्या बाजूने गोव्यातल्या दोना पावलाची राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्था आहे. तुझ्या शहरातच शिरगावचं मत्स्य महाविद्यालय आणि झाडगावचं सागरी जीवशास्त्रीय संशोधन केंद्र आहे, तिथल्या जुन्या माणसांशी जाऊन बोल. मटेरियलच्या बाजूने पुण्याची राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा किंवा मुंबईची आयआयटी. माझा सल्ला असा की गाईड निवडताना स्पंजाचं नाव बघू नकोस. प्रथिन शुद्ध करणं, सूक्ष्मजीव-समूहाचं सिक्वेन्सिंग वाचणं, पदार्थाची ताकद आणि सच्छिद्रता मोजणं, यातलं एक तुला इतकं पक्कं यायला हवं की उद्या स्पंज सुटला तरी औषध कंपनीत किंवा मत्स्यशेतीत तुझी किंमत राहील. माझ्या विद्यार्थ्यांपैकी स्पंजावर टिकले दोघेच. बाकीचे डायग्नॉस्टिक्समध्ये, लसीच्या कारखान्यात, एक जण कोळंबीच्या हॅचरीत आहे आणि मजेत आहे.

बाबांना काय सांगायचं? त्यांना काही सांगू नकोस, काहीतरी दाखव. त्यासाठी समुद्राची गरज नाही, परवानगीच्या फायलीचीही नाही. गोड्या पाण्यातले स्पंज बघ. हेन्री जॉन कार्टर नावाचा लष्करी डॉक्टर मुंबईत होता, तो मुंबईच्या तलावांतले स्पंज गोळा करून तपासत बसायचा. १८४९ साली त्याने त्यांचं वर्णन छापलं. त्याच्याच नावाने ओळखला जाणारा युनापियस कार्टेराय हा स्पंज आपल्याकडच्या तळ्यांत मिळतो. पाणी आटायला लागलं की हे स्पंज जेम्यूल नावाचे दाणे धरतात, राजगिऱ्याच्या दाण्याहूनही बारीक, पिवळट, वरून काट्यांचं चिलखत. आई सुकून जाते, दाणे राहतात, पाऊस आला की त्यातून पुन्हा स्पंज. एफिडेशिया या गोड्या पाण्यातल्या स्पंजाचा पूर्ण जनुकसंच २०२० साली वाचून झालाय, म्हणजे तुला तुलनेला क्रम आयता आहे.

मे महिन्यात गावच्या तळ्याच्या पायऱ्या उघड्या पडतात. पायरीच्या सांध्यात, पाण्यात बुडून बाहेर आलेल्या काठीवर, करडं-हिरवं, हाताला खरखरीत लागणारं पापुद्र्यासारखं काही दिसलं तर भिंगातून बघ, दाणे असतील. पहिला पाऊस पडायच्या आत एक बोटभर तुकडा आण. तळ्याच्याच पाण्याने भरलेल्या प्लास्टिकच्या बशीत दहा-बारा दाणे सोड, उन्हापासून लांब ठेव, दोन दिवसांनी पाणी बदल. आठवड्या-दोन आठवड्यांत दाण्याच्या एका बाजूने पांढरट साय पसरायला लागेल. त्या सायीत, अंधाऱ्या पार्श्वभूमीवर, सुया चमकताना दिसतात, आदल्या दिवशी नसलेल्या. पाण्यात शाईचा एक अगदी बारीक थेंब सोडलास तर तो छोट्या चिमणीसारख्या नळीतून बाहेर येताना दिसेल. त्या वेळी बाबांना हाक मार. बशी स्वयंपाकघरात ठेवणार असशील तर आईला आधी सांगून ठेव, आमच्याकडे एकदा ती घासायला गेली होती.